मार्केट यार्डातला रणगाडा!

सोमवार ते शुक्रवार हा गडी मगरपट्ट्यात कोडिंग करतो आणि रविवारी वडिलांच्या भुसार गाळ्यात रणगाडा चालवतो. रिमोटवर! दोन वर्षं चाललेल्या या खटाटोपातली खरी लढाई मात्र बापलेकांतच झाली...

रविवार, सकाळचे साडेनऊ. मार्केट यार्डाच्या फळभाजी विभागात पाय ठेवायला जागा नाही. टेम्पो, हातगाड्या, कोथिंबिरीच्या जुड्या आणि ‘अहो ताई, सरका की’चा गजर! तिथून पाच मिनिटं चालत भुसार विभागात या, तर एकदम शुकशुकाट. रविवारी इथे सुट्टी. शटरं खाली, एखादं कुत्रं पोत्यावर ताणून दिलेलं. एकाच गाळ्याचं शटर अर्धं वर आहे आणि आतून घुर्रर्र असा आवाज येतोय. पंप? जनरेटर? वाकून आत डोकावलं, तर तुरीच्या थप्प्यांमधून एक हिरवा रणगाडा माझ्याकडेच येत होता. लांबीला जेमतेम पावणेदोन फूट, पण चाल अशी की मी खरंच एक पाऊल मागे सरकले!

या रणगाड्याचा मालक वय वर्षं एकतीस, सॉफ्टवेअर इंजिनीअर. ‘नाव छापलंस तर ऑफिसात जगणं मुश्कील होईल,’ असं त्याने बजावल्यामुळे आपण त्याला टँकवाला म्हणू. (ऑफिसात काही जण तेच म्हणतात, पण ते असो.) गाळा त्याच्या वडिलांचा. तीस वर्षांहून जास्त काळ इथे तूर, हरभरा, गहू यांचा व्यापार. पोरगा गादीवर बसेल ही अपेक्षा पोराने इंजिनीअरिंगला गेल्या गेल्या मोडीत काढली. तो परत आला तो गाळ्याच्या माळ्यावर, सोल्डरिंग गन घेऊन. अण्णांना, म्हणजे वडिलांना, हे कसं वाटलं असेल याची कल्पना करा!

सुरुवात अगदीच फुसकी. ऑफिसच्या सीक्रेट सँटामध्ये त्याला रिमोटचा एक स्वस्तातला रणगाडा मिळाला. दोन दिवस चालला, तिसऱ्या दिवशी एका बाजूने बंद. आपण काय केलं असतं? सोसायटीतल्या एखाद्या पिंट्याला देऊन टाकला असता. याने स्क्रू-ड्रायव्हर काढला. ‘आत बघितलं आणि संपलोच मी,’ तो सांगतो. ‘दोन मोटर, दोन गिअरबॉक्स, बस्स! स्टिअरिंग नावाची वस्तूच नाही.’

हीच तर रणगाड्याची गंमत आहे. गाडीची पुढची चाकं वळतात, रणगाड्याचं काहीच वळत नाही. डावा पट्टा हळू आणि उजवा जोरात फिरवला की तो डावीकडे जातो. एक पट्टा पुढे आणि दुसरा मागे फिरवला की जागच्या जागी गर्रकन फिरतो. ऐकायला सोपं वाटतं, पण वळताना तो अख्खा पट्टा जमिनीवर आडवा घासत जातो. मोटरवर सगळ्यात जास्त ताण येतो तो तेव्हाच. सरळ पळवलात तर वर्षभर टिकेल असा गिअर, गालिच्यावर चार वेळा जागेवर फिरवलात की दात पाडून बसतो. टँकवाल्याच्या पहिल्या रणगाड्याचं नेमकं हेच झालं होतं.

सोळाचा पाढा

या छंदातला सगळ्यात भारी आकडा म्हणजे १६. रिमोटवर चालणारे सिरियस रणगाडे बहुतेक १/१६ या मापात बनतात, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या भागाएवढे. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९७४मध्ये या मापातला रिमोटचा लेपर्ड रणगाडा काढला आणि तेव्हापासून हे माप चिकटलं ते चिकटलंच. त्याआधी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, याच कंपनीने १/३५ हे विचित्र माप आणलं होतं. का माहितीय? रणगाड्याच्या पोटात मोटर आणि बॅटरी मावायला तेवढी जागा लागत होती म्हणून! आज जगभरातले मॉडेलवाले ज्या मापाला वेद मानतात, ते मुळात बॅटरीच्या साइझवरून ठरलंय.

आता बाजारात तयार चायनीज रणगाडे मिळतात. खोका उघडा, चार्ज करा, पळवा. बहुतेक सगळे जर्मन टायगर, अमेरिकन शर्मन नाहीतर रशियन. तामियाचे किट म्हणजे या दुनियेतली मर्सिडीज. तोफेला झटका बसतो, खऱ्या इंजिनाचा आवाज येतो, आणि किंमत ऐकून आपल्यालाही झटका बसतो. टँकवाल्याने दुसरा रणगाडा घेतला तो चायनीज टायगर. महिनाभर पळवला. मग बोअर झाला.

‘हिटलरचा रणगाडा मार्केट यार्डात कशाला पळवतोय मी?’ असा प्रश्न त्याला पडला म्हणे. आपला कुठला? शोधता शोधता तो येऊन थांबला सेंच्युरियनवर, आणि तिथून थेट पुण्यावर.

लष्कराच्या चिलखती दलात ‘पूना हॉर्स’ नावाची रेजिमेंट आहे. तिचा जन्म १८१७चा. दुसऱ्या बाजीरावाबरोबर इंग्रजांनी पुण्याचा तह केला आणि त्यातून पेशव्यांच्या खर्चाने हे घोडदळ उभं राहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खडकीला पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली, हा इतिहासाचा खास पुणेरी टोमणा! पुढे घोडे गेले, रणगाडे आले. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत पूना हॉर्सकडे ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन होते, आणि रेजिमेंटची दोन्ही परमवीर चक्रं सेंच्युरियनवरच्याच वीरांची. १९६५मध्ये रेजिमेंटचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. त्यांचं शिक्षण पुण्यातलं. आणि १९७१मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५०चा. खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेले. तिथल्या परेड ग्राउंडला आज त्यांचं नाव आहे. १६ डिसेंबर १९७१ला शकरगड भागात बसंतरच्या लढाईत ते गेले. वय एकवीस. म्हणजे आपल्याकडे कॅम्पस प्लेसमेंटचं टेन्शन घेण्याचं वय.

त्यांच्या रणगाड्याचं नाव होतं ‘फॅमागुस्टा’.

टँकवाल्याने ठरवलं, बनवायचा तर हाच.

माळ्यावरचा कारखाना

आता अडचण अशी, की हा बाजारात मिळत नाही. तामियाने १/१६ सेंच्युरियन काढलाय, पण तो मार्क ३. भारताने घेतलेले त्यानंतरच्या मार्कचे. शिवाय किट विकत घेऊन जोडण्यात याला मजा नव्हती. मग टायगरचा बळी गेला. त्याच्या पोटातल्या मोटर, गिअरबॉक्स आणि रिसीव्हर काढून घेतले आणि बाकी सांगाडा भंगारात.

खरा सेंच्युरियन तोफ सोडून साधारण ७.६ मीटर लांब. भागिले सोळा, साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर. रुंदी २१. हे माप भिंतीवर पेन्सिलने काढून त्याने कामाला सुरुवात केली. बॉडी प्लॅस्टिक शीट कापून बनवली. समोरची उतरती प्लेट, बाजूची लांब पत्र्याची झालर, मागचे एक्झॉस्टचे खोके, सगळं कटर आणि कानशीने. वरचा फिरणारा भाग, म्हणजे टरेट, गोलाईचा असल्यामुळे थ्री-डी प्रिंट केला. हडपसरच्या एका मित्राचा प्रिंटर, अठ्ठावीस तासांचं प्रिंट. तो टरेट यॉनी नेऊन ठेवला माळ्यावर, पत्र्याखाली, एप्रिलमध्ये! स्वस्त प्रिंटिंगमध्ये वापरतात ते पीएलए प्लॅस्टिक साठेक डिग्रीला मऊ पडतं. दोन आठवड्यांनी बघतो तर टरेटचा पापड झालेला. दुसरा टरेट एबीएसचा. तो अजून ताठ आहे.

सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या तीन जोड्या, आणि प्रत्येक जोडीला बाहेरून दिसणारी स्प्रिंग. ही स्प्रिंगांची भानगड जमवायला त्याला चार महिने लागले. तपकीर गल्लीत वायरी, बोहरी आळीत स्क्रू, आणि स्प्रिंगा? बॉलपेनच्या! पण त्या पाचव्या मिनिटाला बसल्या. शेवटी एका स्प्रिंगवाल्याकडून मापाने बनवून घेतल्या. बारा जोड्यांचं काम घेऊन आलेला हा पहिलाच गिऱ्हाईक, असं तो स्प्रिंगवाला म्हणाला आणि चहा पाजला.

प्लॅस्टिकचे पट्टे काढून धातूचे घातले. मग गिअर पण स्टीलचे हवेत, कारण वजन वाढलं. मग बेअरिंग हवीत. या छंदात एक वस्तू बदलली की शेजारची रुसते. पट्टा किती ताणायचा हे तर एक शास्त्रच आहे. घट्ट ओढलात तर मोटर तापते, सैल सोडलात तर वळणावर चाकावरून सुटतो. टँकवाल्याचा नियम सोपा: पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये पट्टा हलकी झोळ घेऊन लोंबला पाहिजे. ‘ओल्या कपड्यांच्या दोरीसारखा,’ तो म्हणतो.

आणि वेग! तयार रणगाडे खोक्यातून निघतात ते उंदरासारखे सुसाट. खरा सेंच्युरियन ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास जायचा. भागिले सोळा केलं तर ताशी सव्वादोन किलोमीटरही भरत नाही, म्हणजे सेकंदाला साठेक सेंटिमीटर. याने गिअर बदलून आणि रिमोटमध्ये मर्यादा घालून तो तेवढा हळू केला. तुम्हाला वाटेल यात काय मोठं? पण मी दोन्ही पाहिलेत. पळणारा टायगर खेळणं वाटतो. हा सावकाश येतो आणि तुम्ही बाजूला होता.

आवाजाचीही स्टोरी आहे. सेंच्युरियनमध्ये रोल्स-रॉइसचं मेटिऑर इंजिन होतं, ६५० हॉर्सपॉवरचं. स्पिटफायर विमानात जे मर्लिन इंजिन होतं, त्याचाच हा जमिनीवरचा भाऊ. त्याचं रेकॉर्डिंग मिळवून आवाजाच्या बोर्डात भरलं आणि स्पीकर पोटाखाली तोंड करून बसवला. गाळ्यातल्या पोत्यांमध्ये तो आवाज असा मुरतो की छातीत जाणवतो.

अण्णांचा व्हेटो

आता बॅटरी. आधुनिक रणगाड्यात लिथियम पॉलिमर बॅटरी वापरतात, ७.४ व्होल्टची. हलकी, ताकदवान आणि डोकं फिरलं तर पेटणारी. फुगलेली, टोचलेली किंवा चुकीच्या चार्जरवर लावलेली बॅटरी आग लावू शकते. आणि चार्जिंग कुठे चाललंय? माळ्यावर, खाली बारदानाचे गठ्ठे आणि लाखोंचा माल! अण्णांना हे एका हमालमामांकडून कळलं. त्या संध्याकाळी गाळ्यात जे झालं ते टँकवाला अजूनही नीट सांगत नाही. एवढंच म्हणतो, ‘अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त माळ्याचा मेन स्विच बंद केला आणि फ्यूज खिशात घालून घरी गेले.’

माझं मत विचाराल तर अण्णा शंभर टक्के बरोबर होते. त्यानंतर चार्जिंग घरी, बाल्कनीत, लोखंडी डब्यात, समोर माणूस बसवून. दोन महिने फ्यूज मात्र परत मिळाला नाही.

त्या दोन महिन्यांत तो बाइक काढून नगरला गेला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. तिथे आर्मर्ड कोअर सेंटरने १९९४मध्ये सुरू केलेलं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून विजयंतापर्यंत रणगाडेच रणगाडे. तुम्ही शिर्डीला जाताना दहा वेळा नगरवरून गेला असाल. पुढच्या वेळी दोन तास काढाच. टँकवाला तिथल्या सेंच्युरियनसमोर दिवसभर वही घेऊन उभा होता. परत आला तो सहा पानं भरून. बोल्ट किती, वेल्डिंगची रेघ कुठे जाडी, कुठे बारीक. खुद्द फॅमागुस्टा, खेत्रपालांचा रणगाडा, युद्धानंतर दुरुस्त करून नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलाय.

वही त्याने घरी टेबलावर ठेवली होती. ती अण्णांनी वाचली. आणि मग दुसरा, खरा वाद झाला.

‘हा त्या पोराचा रणगाडा बनवतोयस तू?’ अण्णांनी विचारलं. १९७१ला अण्णा पाचवीत होते. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले त्यांना आठवतात. ‘जो पोरगा त्यात बसून गेला, त्याचं खेळणं करणार? आणि त्यातून प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणार? मित्रांना बोलावून, बिअर पीत?’

टँकवाल्याकडे उत्तर नव्हतं. कारण प्लॅन साधारण तोच होता! या चायनीज रणगाड्यांच्या तोफेतून सहा मिलिमीटरच्या प्लॅस्टिक गोळ्या सुटतात, आणि मित्रमंडळी रिकाम्या कॅनवर नेम धरतात. टायगरसोबत त्यांनी हेच केलं होतं. मला तो म्हणाला, ‘मी दीड वर्ष बोल्ट मोजत होतो. आत माणूस होता हे मी मोजलंच नव्हतं.’

त्याने दोन आठवडे रणगाड्याला हात लावला नाही. मग गोळ्या उडवणारं युनिट काढून टाकलं. त्याच्या जागी तोफ मागे सरकण्याचा झटका आणि तोंडाशी एक एलईडी, इतकंच बसवलं. तोफ चमकते, मागे जाते, पुढे येते. बाहेर काही पडत नाही. वरच्या हॅचमध्ये कमांडरचा छोटा पुतळा बसवायचा, हे मॉडेलवाल्यांचं ठरलेलं असतं. त्याने हॅच उघडी ठेवली आणि पुतळा बसवला नाही. रणगाड्यावर नावही लिहिलं नाही.

हे सगळं त्याने अण्णांना सांगितलं नाही. गाळ्यात शिकलेला माणूस अण्णांशी थेट बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. पण एका सोमवारी माळ्यावर गेला तर फ्यूज जागेवर होता.

पीठ, बुरशी आणि काटा

रंगकाम म्हणजे सगळ्यात मजेचा भाग. आधी प्रायमर, मग एअरब्रशने ऑलिव्ह ग्रीन, मग तो इतक्या मेहनतीने दिलेला रंग मळवायचा! नवाकोरा रणगाडा खोटा दिसतो. धुळीसाठी याने सुपीक डोकं लढवलं: गाळ्यात धुळीचा काय तोटा? ज्वारीचं पीठ चाळून मारलं. काय सुंदर दिसला म्हणता! पण जुलैमध्ये त्यावर बुरशी आली आणि मागोमाग मुंग्या. पुन्हा धुऊन, पुन्हा रंग. आता चिखल म्हणून चहाच्या गाळणीने चाळलेली खरी माती, फेविकॉलच्या पाण्यात कालवून. मागच्या रॅकवरची ताडपत्री मात्र अस्सल मार्केट यार्डाची आहे: जुन्या बारदानाचा तुकडा, चहात उकळलेला.

वजनाचा किस्सा सांगायलाच हवा. खरा सेंच्युरियन ५१ टनांच्या घरात. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळाने भागायच्या, म्हणजे वजन सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, ४०९६ने भागायचं. उत्तर येतं साडेबारा किलो. गाळ्यातल्या तोलणारमामांनी रणगाडा काट्यावर ठेवला. सहा किलो चारशे. ‘माल कमी भरलाय शेठ!’ मामा म्हणाले. अख्खा गाळा हसला. टँकवाल्याने ते मनावर घेऊन पोटात शिशाच्या पट्ट्या टाकून बघितल्या, पण नऊ किलोला गिअर कुरकुरायला लागले. आता तो साडेसातवर थांबलाय आणि हा विषय काढलेला त्याला आवडत नाही.

खर्च? टायगर धरून, पापड झालेला टरेट धरून, पासष्ट हजारांच्या पुढे त्याने मोजणं बंद केलं. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर एक तयार चायनीज रणगाडा घ्या, तो मोडा आणि दुरुस्त करा. मोडायची हिंमत नसेल तर त्या पैशात गोव्याला जाऊन या.

पुणेकरांना हे वेड नवं नाही म्हणा. कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून आहे. तिथल्या इवल्या गाड्या बघायला आपल्यापैकी कित्येक जण शाळेच्या ट्रिपला गेलोय. फरक इतकाच, की रेल्वे रुळावरून जाते. हा कुठूनही येतो.

सव्वासहा मीटर

तर, मी गेले तो रविवार. टँकवाल्याने मला एका बाजूला उभं केलं आणि गाळ्याच्या पार टोकाला, मागच्या भिंतीपाशी, हरभऱ्याचं एक पोतं आडवं ठेवलं. गाळ्याच्या तोंडाशी रणगाडा. ‘मध्ये किती अंतर आहे माहितीय? सव्वासहा मीटर. टेपने मोजलंय.’

बसंतरच्या लढाईत खेत्रपालांच्या रणगाड्याला आग लागली, तेव्हा त्यांना रणगाडा सोडायचा आदेश मिळाला होता. तोफ अजून चालतेय, रणगाडा सोडणार नाही, असं त्यांनी वायरलेसवर कळवलं. परमवीर चक्राच्या सन्मानपत्रानुसार त्यांनी शत्रूचे चार पॅटन रणगाडे नष्ट केले, आणि शेवटचा त्यांच्यापासून जेमतेम शंभर मीटरवर होता. शंभर भागिले सोळा, सव्वासहा. त्याच दिवशी संध्याकाळी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.

मी त्या पोत्याकडे बघितलं. शंभर मीटर म्हटलं की आपल्याला शाळेतली धावण्याची शर्यत आठवते. इथे पोत्यावरची शिलाई दिसत होती.

अण्णा केव्हा आले कळलं नाही. पांढरा लेंगा-शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. रविवारी ते गाळ्यावर येत नाहीत, असं मला सांगण्यात आलं होतं. टँकवाला जरा गडबडला आणि रिमोट खाली घेऊन म्हणाला, ‘अण्णा, बंद करतो. जरा हिला दाखवत होतो.’

‘किती अंतर धरलंयस?’ अण्णांनी विचारलं.

त्याने सांगितलं. अण्णा पोत्यापाशी गेले, मागे वळून रणगाड्याकडे बघत राहिले. मग जमिनीवर बसले. साठी उलटलेला माणूस, मांडी घालून, पोत्याला टेकून, डोळे रणगाड्याच्या तोफेच्या उंचीला.

‘चालव,’ ते म्हणाले.

इंजिन घुरघुरलं. रणगाडा निघाला, त्याच संथ चालीने. दोन्ही बाजूंना तुरीची पोती, मधून तो. दहा सेकंद लागतात सव्वासहा मीटरला. मी मनात मोजत होते. पोत्यापासून हातभर अंतरावर तो थांबला. तोफ चमकली, मागे गेली, पुढे आली.

अण्णा बराच वेळ उठले नाहीत. मग त्यांनी बोटाने टरेटवरची धूळ पुसली आणि बोटाकडे बघितलं.

‘नाव का नाही लिहिलं?’

‘तुम्ही नको म्हणालात.’

‘मी गोळ्या नको म्हणालो होतो,’ अण्णा म्हणाले आणि कपडे झटकत उठले. ‘त्या कोपऱ्यावरच्या पाटीवाल्याला बोलावू नकोस, त्याचं अक्षर वाकडं असतं. तूच लिही. आणि ते पोतं जागेवर ठेव, उद्या माल जायचाय.’